पॅराशूटमधलं भोक

भोक बुजवणं हे सवाबाचं, म्हणजे पुण्याचं काम आहे, असं कमरोद्दीनभाई उभा जन्म मानत आले होते, आणि त्यांना खोटं पाडायला कुणी आलं नव्हतं. शहागंजच्या मागच्या गल्लीत, दोन कापड दुकानांच्या मधे, एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच त्यांची जागा. पाटी नाही, बोर्ड नाही. ज्याला गरज असायची त्याला पत्ता बरोब्बर सापडायचा. आणि गरज कुणाला नसते हो? हिमरूची शाल उंदरानं कुरतडली, लग्नाच्या शेरवानीवर कुणाच्या तरी बिडीची ठिणगी पडली, पैठणी खिळ्याला अडकून टर्रकन फाटली, की माणूस तोंड पाडून गल्लीत शिरायचा. आठ दिवसांनी तेच कापड काखेत मारून छाती काढून बाहेर पडायचा.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आजकाल समजावून सांगावं लागतं. ठिगळ वरून लावतात. रफूगर शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीतून त्याच कापडाचे धागे एकेक करून ओढून काढतो आणि उलट्या बाजूनं भोकावर उभे-आडवे विणत जातो. विणीत वीण मिळाली की कापड सुलटं करायचं आणि तळहात फिरवायचा. हाताला लागला, डोळ्याला दिसला, तो रफू कसला! आता यातली गोम बघा. सोनाराचं काम गळ्यात मिरवतं, सुताराचं काम दारात उभं राहतं. रफूगराचं काम जितकं चांगलं, तितका तो माणूसच गायब.

लग्नात तर मौजच व्हायची. ज्याची शेरवानी भाईंनी नीट केली, तोच समोर आला की नजर फिरवायचा. रफूगराला ओळख दाखवली म्हणजे आपला कपडा फाटका होता हे आपणच दवंडी पिटून सांगितल्यासारखं ना! भाईही पक्के. बिर्याणीच्या ताटावर मान घालून बसायचे आणि घरी आल्यावर बायकोला हळूच सांगायचे, "गुलशन, आज तीन शेरवान्या माझ्या होत्या."

"हौ, आणि सलाम एकाचाबी नाही," गुलशन म्हणायची. "वा रे तुमची शोहरत!"

या धंद्याची एक रीत होती. भोकाची कहाणी विचारायची नाही. कापड कसं फाटलं, कुणी फाडलं, नवरा-बायकोच्या झटापटीत की दारूच्या नादात, रफूगराला त्याच्याशी कर्तव्य नाही. गिऱ्हाईकही कधी भोकाचं नाव घेत नाही. "जरा काठ बघा", "थोडं अस्तर बघा" असं आजूबाजूचं काहीतरी बोलतं आणि कापड पुढं सरकवतं. शहाण्यानं समजून घ्यायचं. लहानपणी भाईंनी एकदा एका बेगमसाहेबांना विचारलं, "हे कसं जळलं हो?" त्या गेल्यावर अब्बांनी असा काही कानाखाली आवाज काढला की पुन्हा उभ्या आयुष्यात भाईंनी कुणाला विचारलं नाही. या रीतीनं पन्नास वर्षं त्यांची इज्जत राखली, आणि याच रीतीनं शेवटी त्यांचा घात केला.

यंदा थंडी सरता सरता तनुजा नावाच्या एक बाई स्कूटीवरून गल्लीत आल्या. जालना रोडवरून आत वळलं की एका ट्रस्टचं छोटंसं अंतराळ संग्रहालय होतं, त्याचा कारभार त्यांच्याकडे नुकताच आला होता. त्यांनी पिशवीतून नारिंगी-पांढऱ्या कापडाचा एक मोठा भारा काढला.

"म्याडम, हे काय? तंबू?"

"पॅराशूट आहे, चाचा. त्याची एक पाकळी. आभाळातून यान खाली उतरतं ना, त्याला हे बांधलेलं होतं."

"म्हणजे हे कापड आभाळात जाऊन आलं?"

"जाऊन आलं."

भाईंनी हात मांडीवरच्या फडक्याला पुसले आणि मग कापडाला लावले. तनुजाबाई म्हणाल्या, "दोन्ही कडा उसवत चालल्यात. तेवढ्या आवरून द्या. आणि चाचा, शेजारी कार्ड लावणार आहोत, त्यावर तुमचं नाव टाकते मी."

"माझं?"

"मग कुणाचं? काम तुमचं ना!"

बाई गेल्या. भाईंनी कापड मांडीवर पसरलं आणि बघतात तर काय, ऐन मधोमध भोक! बोट आरपार जाईल एवढं. कड वितळून काळी झालेली, बारीक मण्यांसारखी टणक. जळलेलं होतं, हे उघडच होतं. भाई गालातल्या गालात हसले. एवढी शिकलेली बाई, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच. कडांचं बोलली आणि भोकाचं बोलायला लाजली.

आता हे भोक कुणाचं होतं ते इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण कमरोद्दीनभाईंना ते कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही.

करमाडच्या पुढं आडरस्त्याला एक खेडं आहे. तिथल्या लक्ष्मीबाईंचा एकुलता एक मुलगा सुदर्शन तंत्रनिकेतनात शिकून दक्षिणेत एका कंपनीत लागला होता. काम काय, तर यानाच्या पॅराशूटची घडी घालणं. हसू नका. लांबच्या लांब टेबलावर कापड पसरून, चार-चार दिवस हातानं घडी घालावी लागते, आणि एक वळी चुकली तर वर गेलेलं सगळं दगडासारखं खाली येतं. सुदर्शनचा हात फार हलका होता. एकदा चाचणीचं एक यान वर गेलं, आत माणूस नव्हता, नशीब. उतरताना पॅराशूट नीट उघडलं नाही आणि यान समुद्रावर आदळून एका अंगाला चेपलं. कागदावर "पॅराशूट नीट उघडले नाही" एवढंच लिहिलं गेलं. पण माणसांच्या तोंडाला कोण कागद लावतो? घडी चुकली असणार, असं जो तो बोलला. घडी कुणाची? सुदर्शनची. पोरानं मनाला लावून घेतलं, अन्न तुटलं, त्यात कावीळ झाली आणि दीड वर्षात तो गेला. गावात त्याचे सख्खे चुलते अप्पाराव चारचौघांत म्हणाले, "आपल्या घराण्यातलं पोरगं यान बुडवून आलं."

त्याच कंपनीतले एक बडे इंजिनियर, बद्रीनाथराव, मूळचे या शहरातले. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात चाललेलं ते यान आणि पॅराशूटची ही एक पाकळी हातापाया पडून मागून आणली आणि इथं संग्रहालय मांडलं. पहिलं काम त्यांनी काय केलं असेल तर लक्ष्मीबाईंना गाडी पाठवून बोलावून घेतलं आणि या भोकापुढं उभं केलं. म्हणाले, "बाई, घडी चुकली असती तर कापड फाटलं असतं. हे फाटलेलं नाही, जळलंय. पॅराशूट सोडणाऱ्या यंत्राची आतून ठिणगी उडाली, म्हणून ते उघडलं नाही, ती यंत्राची चूक. तुमच्या पोराच्या हाताची नाही." लक्ष्मीबाईंना यंत्रातलं काय कळणार? त्यांनी भोकात बोट घातलं. आरपार गेलं. त्या तिथंच खाली बसून रडल्या.

तेव्हापासून दरवर्षी सुदर्शनच्या तिथीला, चैत्र वद्य पंचमीला, लक्ष्मीबाई एसटीनं यायच्या, त्या भोकात बोट घालायच्या आणि परत जायच्या. बद्रीनाथरावांना पाट्या लिहायचा भारी कंटाळा. "मी आहे की सांगायला," म्हणायचे. गेल्या दिवाळीत ते वारले, आणि विचारल्याशिवाय सांगणारं कुणी उरलं नाही. तनुजाबाई त्यांच्या मागून आल्या. त्यांना भोक ठाऊक होतं, लक्ष्मीबाई ठाऊक नव्हत्या.

आणि या वर्षी गावच्या शाळेत विज्ञानाची नवी खोली बांधून झाली होती. मास्तरांचं म्हणणं, तिला सुदर्शनचं नाव द्यावं. समितीचे प्रमुख अप्पाराव. ते म्हणाले, "ज्याच्या हातनं यान पडलं, त्याचं नाव लेकरांच्या डोक्यावर? माझ्या डोळ्यांना दिसल्याबिगर मी नाय मानायचो."

"मंग चला," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "डोळ्यांनीच बघा. बोट घालून बघा."

सुदर्शन गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा अप्पाराव 'व्हय' म्हणाले होते. म्हणजे बघा, एका मेलेल्या पोराची अब्रू त्या बोटभर भोकात अडकलेली, आणि ते भोक कमरोद्दीनभाईंच्या मांडीवर!

भाईंनी आधी दोन्ही कडा आवरल्या. ते काम चार दिवसांत उरकलं. एवढ्यावर थांबले असते तर? पण थांबतील ते कमरोद्दीनभाई कसले! आभाळात जाऊन आलेलं कापड, शेजारी आपल्या नावाचं कार्ड, आणि मधे हे जळकं भोक उघडं? लोक म्हणतील, रफूगराला दिसलं नाही का. आधीच डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सुईत दोरा ओवायचं काम गेली तीन वर्षं गुलशनच करायची, सकाळी बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची.

"हे नायलॉन आहे," ती म्हणाली. "हाताला ठरत नाही. नक्को करा. कडा केल्या ना? द्या परत."

"हे माझं शेवटचं काम समज."

"दर वर्षी एक शेवटचं काम असतं तुमचं."

तरी तिनं सुया ओवल्या. भाईंनी नखं कापायच्या कात्रीनं ती काळी, वितळलेली कड गोल कापून काढली. कापताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की कापड आतल्या अंगानं जास्त जळलंय, बाहेरून कमी. पन्नास वर्षं जळकी कापडं बघितलेला माणूस, त्याला हे कळणारच. पण विचारायची रीत नाही, तर विचार करायचीही नाही. काळे मणी सतरंजीवर पडले, ते गुलशननं संध्याकाळी झाडून टाकले. मग पंधरा दिवस भाई त्या निसरड्या धाग्यांशी भांडत राहिले. शिव्या घातल्या, दोन वेळा उसवलं, पुन्हा बसवलं. काम संपलं तेव्हा त्यांनी कापडाला डोळे लावले, अगदी दर्ग्यातल्या चादरीला लावतात तसे. आयुष्यात इतका चांगला रफू आपल्या हातून झाला नव्हता, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

कापड न्यायला संग्रहालयाचा शिपाई आला. त्यानं घडी उलगडलीही नाही. पुढच्या आठवड्यात तनुजाबाईंचा फोन आला, "चाचा, कार्ड लागलंय. चाचींना घेऊन या बघायला."

भाईंनी दाढीला मेंदी लावली, अत्तर लावलं, ईदचा कुर्ता काढला. रिक्षातून उतरले तेव्हा गुलशन म्हणाली, "नवरदेव दिसता." आत थंडगार दालन. रॉकेटचं मॉडेल, अंतराळात खातात त्या जेवणाची पाकिटं, आणि मधोमध ते यान. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढं. पोटाखाली करपून काळं पडलेलं, अंगावर समुद्राच्या मिठाचे पांढरे ओघळ, आणि एक बाजू चेपून आत गेलेली. भाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. त्यांचा जीव कळवळला.

"म्याडम, इतकी मोठी चीज आणि असा पोचा पडलेला? आमच्या ओळखीत पत्र्याचे कारागीर आहेत. दोन दिवसांत सरळ करून देतील. पॉलिश मारतील."

तनुजाबाई मनापासून हसल्या. "चाचा, पोचा काढला तर उरलं काय? टाकी! हे कसं आदळलं, कसं जळलं, ते या खुणांवरूनच कळतं ना. आपण धूळ पुसतो, बाकी बोट लावत नाही. जसं आलं तसं ठेवायचं, हेच तर आमचं काम."

 भाईंची मान हळूच भिंतीकडे वळली. पलीकडे भिंतीवर ती नारिंगी-पांढरी पाकळी टांगलेली होती, आणि शेजारी स्वच्छ अक्षरात कार्ड: 'डागडुजी: कमरोद्दीन रफूगर, शहागंज'. गुलशन ते कार्ड बोटानं अक्षर अक्षर वाचत होती.

"म्याडम," भाई हळूच म्हणाले, "त्या कापडात एक भोक होतं."

"आहे ना. मधोमध."

"नाही आता."

तनुजाबाई पाकळीजवळ गेल्या. वर पाहिलं, खाली पाहिलं, कापड उलटं करून पाहिलं. मग कपाटातून रजिस्टर काढून त्यात चिकटवलेला फोटो आणला. फोटोत अख्खी पाकळी होती आणि मधे राईएवढा काळा ठिपका. त्या खुर्चीत बसल्या.

"चाचा, हे काय केलंत! मी कडा सांगितल्या होत्या."

"गिऱ्हाईक भोकाचं सांगत नाही, म्याडम. आम्ही विचारत नाही."

"मीच नीट सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि कपाळाला हात लावून बसल्या. तेवढ्यात दारावरचा चौकीदार चौकशीला आत आला. सगळं ऐकून त्याचाही चेहरा उतरला. "आन् मॅडम, ती म्हातारी? दर चैत्रात येती ती? बद्रीनाथ सायबांनी मला सांगितलं व्हतं, तिच्या लेकाचा सगळा मामला त्या भोकावर हाय." आणि जे त्याला ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं. ठिणगी, घडी, सुदर्शन, सगळं. "परवाच फोन आलता तिचा. यंदा दिराला घिऊन येते म्हणली. शाळंला नाव द्यायचंय."

गुलशनच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. भाई भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आयुष्यात कितीतरी लोकांची लाज झाकली होती. कुणाची इज्जत उघड्या भोकात असेल, हे त्यांच्या सात पिढ्यांच्या ध्यानात आलं नसतं.

तिथीला अजून अकरा दिवस होते. ते अकरा दिवस भाईंनी कसे काढले ते गुलशनला विचारा. जेवणात लक्ष नाही, नमाजात लक्ष नाही. तिनं झाडून टाकलेले मणी शोधायला ते कचरापेटीपर्यंत जाऊन आले. वेडेपणा, दुसरं काय. पाचव्या दिवशी ते एकटेच तनुजाबाईंकडे गेले आणि खिशातून उदबत्ती काढली.

"म्याडम, मला जागा द्या, मी पुन्हा भोक पाडून देतो. जळकं. हुबेहूब. आतल्या अंगानं जास्त जळलेलं. मला ठाऊक आहे कसं होतं ते."

तनुजाबाईंनी त्या उदबत्तीकडे पाहिलं. त्यांनाही मोह झालाच असेल, माणूसच ना! मग म्हणाल्या, "खरं सांगायला खोटं भोक पाडायचं? उद्या कुणाला कळलं तर लोक म्हणतील, पहिलंही असंच पाडलेलं असेल. मग त्या पोराला कायमचं कुणी वाचवू शकणार नाही, चाचा."

भाईंना ते पटलं. पटलं म्हणूनच जास्त लागलं. उदबत्ती खिशात ठेवत ते म्हणाले, "ती बाई येईल त्या दिवशी मला बोलवा. मी तिच्यासमोर उभा राहीन. एवढं तरी करू द्या."

पंचमीला भाई आणि गुलशन सकाळपासून येऊन बसले होते. लक्ष्मीबाई अकराच्या सुमाराला आल्या. लहानखुरी, सुती लुगड्यातली म्हातारी, मागं पांढऱ्या टोपीतले उंच, वाकलेले अप्पाराव. लक्ष्मीबाईंनी ना रॉकेट बघितलं ना यान. देवळातल्या वाटेसारखी पायाखालची वाट, सरळ पाकळीपुढं. चालता चालताच म्हणाल्या, "या भावजी, हितं बघा," आणि उजव्या हाताचं बोट वर केलं.

बोट कापडावर टेकलं. थोडं खाली गेलं, थोडं डावीकडे. मग त्या दोन्ही हातांनी कापड चाचपू लागल्या, दळणात हरवलेला मणी शोधावा तशा.

"कापड बदललं का वो?" त्यांनी मागं वळून विचारलं. 

तनुजाबाई पुढं सरकल्या, पण भाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "बदललं नाही, माँजी. भोक मी बुजवलं. मी रफूगर आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. माझी चूक आहे. तुम्ही मला मारा, पण चूक माझी आहे."

लक्ष्मीबाईंची बोटं अजून कापड चाचपतच होती. त्यांना ते ऐकू आलं की नाही, कळेना.

अप्पारावांनी कार्ड वाचलं, मग भाईंकडे बघितलं. माणूस हट्टी होता, दुष्ट नव्हता. "भोक व्हतं म्हणता?"

"होतं. अल्लाची कसम. बोट जाईल एवढं. जळलेलं होतं, फाटलेलं नव्हतं. आणि आतून जळलेलं होतं, मी माझ्या हातानं त्याची कड कापली. पन्नास वर्षं मी हेच बघत आलोय, साहेब. फाटलेलं वेगळं, जळलेलं वेगळं. त्या पोराच्या घडीचा काही दोष नव्हता."

तनुजाबाईंनी रजिस्टरातला फोटो पुढं केला. अप्पारावांनी तो डोळ्यांजवळ नेला. "ह्यो तर डाग बी असंल, बाई." पण भाईंच्या बोलण्यानं ते हलले होते, ते दिसतच होतं. टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं. "बरं असं करा. मला भोक नगं. ते बुजलं, ऱ्हायलं. पन बुजवल्याची खूण तर असंल? कितीबी बारीक काम असू द्या, एखादा धागा इकडं-तिकडं ऱ्हातोच की. तुमचंच काम हाय, तुम्हाला तर गावंल. तेवढं दाखवा. एक खूण दाखवा, मी आत्ता मास्तरला फोन लावून नाव लावा म्हणतो."

लक्ष्मीबाईंच्या तोंडावर एकदम उजेड आला. "व्हय भाऊ, दाखवा. तेवढंच दाखवा."

भाई पुढं झाले. पाकळी खाली उतरवून टेबलावर पसरली. चष्मा काढून त्यांनी डोळे कापडाला भिडवले. मधली शिवण, तिच्यापासून वीतभर, इथंच कुठंतरी. त्यांनी अंगठा फिरवला. लागलं नाही. कापड उलटं केलं. उलट्या अंगानं धाग्यांची टोकं असतात, पण ती त्यांनी अशी काही आत ओढून घेतली होती की मागमूसच राहिला नव्हता. तनुजाबाईंनी मोबाइलचा टॉर्च खालून धरला, तर उजेड सगळीकडून सारखाच आला. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "हितं व्हतं भाऊ, या अंगाला," आणि भाईंनी तिथं नखानं, बोटाच्या पेरानं, शेवटी जिभेच्या टोकानं चाचपलं. काही नाही. कोरं कापड.

या अल्ला, भाई मनातल्या मनात म्हणत होते, एक धागा. एक धागा तरी चुकलेला असू दे. पन्नास वर्षं मी मागितलं की हात चुकू नये, आज एवढा एकदा चुकलेला निघू दे.

अर्धा तास झाला. भाईंच्या दाढीतून घाम टेबलावर टपकत होता. गुलशननं तोंडाला पदर लावला होता. शेवटी अप्पारावांनीच टोपी डोक्यावर ठेवली.

"जाऊ द्या, मियाँभाई. तुम्ही माणूस चांगले हाय. म्हातारीचं दुख बघून बोलला असाल. पन मला समितीत उद्या जबाब द्यायचा हाय. खोलीला नाव नगं आता, तशीच ऱ्हाऊ द्या." आणि वहिनीकडं न बघता ते म्हणाले, "चला वैनी, दीडची गाडी हाय."

भाईंचे हात अजून कापडावरच होते.  लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ आल्या. त्यांनी कापडावरचा भाईंचा उजवा हात उचलला, उलटा-सुलटा केला, सुईनं कडक झालेल्या बोटांच्या टोकांवरून आपला अंगठा फिरवला. रागाचं अक्षर त्यांच्या तोंडून आलं नाही. आलं असतं तर भाईंना सोपं गेलं असतं.

"असाच हात व्हता माझ्या सुदर्शनचा," त्या म्हणाल्या. "चुकत नव्हता."

मग त्यांनी तो हात हळूच परत कापडावर ठेवला आणि दिराच्या मागं बाहेर गेल्या.